पश्चिमेच्या खोलीतील ओल: भिंतीची, हवेची की घरातलीच?

अनगोळची सून | 9 जुलै

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या अनगोळमध्ये आमचे तळमजल्याचे स्लॅबचे घर आहे आणि ते बांधून 22 वर्षे झाली. भिंती 9 इंची विटांच्या आहेत. लाकडी खिडक्या काढून तीन वर्षांपूर्वी सरकत्या ॲल्युमिनियमच्या बसवल्या. आर्द्रा नक्षत्र लागले की पश्चिमेच्या खोलीत कुबट वास सुरू होतो हे दर वर्षीचेच आहे, परंतु यंदा गोष्ट वासावर थांबली नाही. परवा सासूबाईंनी भिंतीतल्या कपाटातून त्यांच्या लग्नातली शहापुरी साडी बाहेर काढली, तेव्हा घडीची जी कड मागच्या भिंतीला टेकलेली होती, नेमक्या त्याच कडेवर राखाडी ठिपक्यांची रेघ उमटलेली दिसली. त्या काहीच बोलल्या नाहीत. साडी उलगडून खुर्चीच्या पाठीवर पसरली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

आतापर्यंत काय काय केले ते सांगते. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी एका ठेकेदाराकडून त्या खोलीला आतून ओलरोधक रंग लावून घेतला. पाच वर्षे बघायला नको, असे तो म्हणाला होता. यंदा जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत तो रंग फुगून आला आहे. बोटाने दाबला की पापुद्रा फुटतो आणि आतून पिठासारखी पांढरी भुकटी गळते. कपाटात कापूर ठेवला, डांबराच्या गोळ्या ठेवल्या, कुणीतरी सांगितले म्हणून वाटीत जाडे मीठ ठेवले. मिठाला दुसऱ्याच दिवशी पाणी सुटले. हवा खेळती राहावी म्हणून खिडक्या दिवसभर उघड्या असतात. पाच माणसांचे कपडे त्याच खोलीत दोरीवर वाळतात, कारण मागच्या अंगणात पावसाची झड येते. यजमानांचे म्हणणे असे की हवेतले बाष्प ओढणारे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर घ्यावे. दिरांचे म्हणणे, भिंत खरवडून पुन्हा गिलावा करावा. दोन्ही खर्च एकदम झेपणारे नाहीत. आधी काय करावे?

जोते-पाया | 9 जुलै

ताई, मी चाळीस वर्षे बांधकामाच्या कामात काढली आणि आता निवृत्त आहे. तुमच्या प्रश्नाला लगेच उत्तर देण्याऐवजी मीच काही विचारतो, कारण "घरात ओल आहे" या तीन शब्दांत निदान तीन वेगळे आजार लपलेले असतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले की पैसे जातात, ओल राहते.

पहिला प्रश्न त्या भुकटीचा. ती बशीत घेऊन तिच्यावर थोडे पाणी टाका. विरघळली तर तो लोणा आहे, म्हणजे जमिनीतून अथवा विटांतून पाण्याबरोबर आलेले क्षार. विरघळली नाही आणि तंतूंसारखी दिसली तर बुरशी. दुसरा प्रश्न भिंतीच्या बाहेरच्या अंगाचा. बाहेर जमिनीची पातळी जोत्यापेक्षा किती खाली आहे ते पट्टी लावून मोजा. घर बांधताना जोत्यावर ओल अडवणारा जो थर घालतात, ज्याला गवंडी डीपीसी म्हणतात, तो बाहेरच्या जमिनीपासून किमान 6 इंच वर असायला हवा. गेल्या काही वर्षांत अंगणात फरशी किंवा पेव्हर बसवले असतील तर ही उंची हमखास कमी झालेली असते.

तिसरी गोष्ट जरा सबुरीची आहे. पारदर्शक प्लास्टिकचे साधारण 2 फूट लांब-रुंद असे दोन तुकडे घ्या. एक भिंतीच्या तळाशी आणि दुसरा कपाटाच्या आत, पाच फुटांच्या आसपास, चारही कडांना चिकटपट्टी लावून हवाबंद चिकटवा आणि 48 तास हात लावू नका. त्यानंतर पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या मागे, म्हणजे भिंतीच्या बाजूला दिसतात की पुढे, म्हणजे खोलीच्या बाजूला, ते कळवा. चिकटपट्टी भिंतीला धरतच नसेल तर तेही एक उत्तरच समजा.

जांबोटीकर | 10 जुलै

आमच्याकडचा पाऊस बेळगावकरांना अधूनमधून बातम्यांत भेटतो. आम्ही त्यातच राहतो. कणकुंबीच्या बाजूला तर आषाढात सूर्य दिसला की लोक दिवस लक्षात ठेवतात. तरीही लहानपणी घरात असा कुबट वास कधी आल्याचे आठवत नाही. भिंती मातीच्या, जमीन शेणाने सारवलेली, वर मंगळुरी कौले, आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून गवताचे तट्टे बांधलेले. चूल दिवसभर धुमसत असे, तिच्यावरच्या माळ्यावर बियाणे आणि सुक्या मिरच्या असत. बाळाची दुपटी कोळशाच्या शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून तिच्यावर वाळवली जात आणि तासाभरात कोरडी ठणठणीत होत. माझा अनुभव असा की यंत्राच्या नादी लागण्यापेक्षा रोज संध्याकाळी त्या खोलीत दारे-खिडक्या लावून तासभर कोळशाची शेगडी ठेवावी. खर्च नाही आणि भिंतही तापते.

चिकोडीचा मास्तर | 10 जुलै

जांबोटीकर काका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून मला येथे स्पष्ट विरोध नोंदवावा लागतो, कारण हे वाचून कुणी आज रात्रीच शेगडी पेटवील. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, झोप येते आणि माणूस उठत नाही. तुमच्या जुन्या घरात शेगडी चालत असे, कारण कौलांच्या प्रत्येक सांध्यातून हवा जात-येत होती. छप्पर हाच त्या घराचा धुराडा होता. स्लॅबच्या घरात, रबराच्या पट्ट्या लावलेल्या सरकत्या खिडक्या बंद करून तीच शेगडी ठेवणे म्हणजे खोलीची कोठडी करणे होय. दारे-खिडक्या लावून शेगडी हे दोन शब्द एका वाक्यात नकोतच.

जांबोटीकर | 10 जुलै

मास्तर, मान्य. लिहिताना डोळ्यांसमोर आमचे जुने घर होते, ताईंचे नव्हते. आणि खरे सांगायचे तर आमच्याही घरात आता चूल राहिलेली नाही. मुलाने कौलांखाली पीव्हीसीचे छत मारून घेतले, स्वयंपाक गॅसवर आला, आणि गेल्या पावसाळ्यात छताची एक पट्टी काढून पाहिली तर शंभर वर्षे धुराने काळेभोर राहिलेल्या वाशांवर पांढरी लव आली होती. त्याचे कारण मला आज तुमचे उत्तर वाचून कळले.

अनगोळची सून | 12 जुलै

सर्वांचे आभार. जोते-पाया काका, तुम्ही सांगितलेले तंतोतंत केले. भुकटी पाण्यात पूर्ण विरघळली, म्हणजे लोणा. बाहेर पट्टी लावली तेव्हा मात्र धक्काच बसला: चार वर्षांपूर्वी चिखल होतो म्हणून आम्ही पश्चिमेच्या बोळात भर घालून पेव्हर बसवले होते, ते आता जोत्याच्या कडेपासून जेमतेम दीड इंच खाली आहेत, आणि उतार बाहेर असण्याऐवजी भिंतीकडे आहे. गच्चीचे पाणी त्याच बोळात पडते आणि त्याचे शिंतोडे भिंतीवर फूटभर उंच उडालेले दिसतात.

प्लास्टिकचा निकाल दोन ठिकाणी दोन प्रकारचा आला. तळाच्या तुकड्यामागे भिंतीच्या बाजूने थेंबच थेंब होते. कपाटातल्या तुकड्याच्या मागे अगदी कोरडे, पण पुढच्या बाजूला, जिथे साड्या होत्या तिकडे, बोट फिरवले की ओलसर लागत होते. गच्ची वरून पाहिली, स्लॅबला कोठेही डाग नाही.

मास्तरांनी वायूचे लिहिले म्हणून एक गोष्ट आठवली. त्या खोलीला लागूनच न्हाणीघर आहे आणि त्यात गॅसचा गीझर आहे. झरोक्यातून पाऊस आत येतो म्हणून आम्ही जूनपासून तो पुठ्ठा लावून बंद केला आहे. याचा संबंध असेल का?

चिकोडीचा मास्तर | 12 जुलै

तो पुठ्ठा हे वाचत असतानाच उठून काढा. बाकीचे नंतर वाचा. गॅस गीझर आणि बंद झरोका ही जोडी शेगडीइतकीच घातक आहे. पाऊस अडवायचा असेल तर बाहेरून तिरपी पट्टी किंवा लहान पत्र्याची पडवी लावता येते. हवा मात्र अडता कामा नये. बाहेर निघणाऱ्या धुराड्याची नळी नसेल तर तो गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत हलवावा हे उत्तम.

आता संबंधाविषयी. गॅस जळला की उष्णतेबरोबर पाणीही तयार होते, कारण त्यातील हायड्रोजनला प्राणवायू मिळतो. हिशेब साधा आहे: 1 किलो स्वयंपाकाच्या गॅसपासून साधारण 1.6 किलो पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते, म्हणजे 14.2 किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत घरात सुमारे 22 लिटर पाणी हवेत मिसळलेले असते. हे भाताच्या आणि आंघोळीच्या वाफेखेरीज. ही वाफ दारातून ज्या खोलीत पहिल्यांदा शिरते ती तुमची पश्चिमेची खोली आहे.

आणखी एक काम करा. आज पिळलेले कपडे दोरीवर टाकण्यापूर्वी बादलीसकट वजनकाट्यावर ठेवा आणि उद्या वाळल्यावर पुन्हा तोला. फरक किती येतो ते इथे लिहा. खोलीची लांबी, रुंदी आणि उंचीही लिहा.

अनगोळची सून | 14 जुलै

पुठ्ठा त्याच रात्री काढला. कपड्यांचा फरक 2 किलो 900 ग्रॅम आला, आणि ते कपडे मशीनमध्ये पिळलेले होते. खोली 12 फूट बाय 10 फूट, उंची 10 फूट.

चिकोडीचा मास्तर | 14 जुलै

म्हणजे खोलीत 34 घनमीटर हवा आहे. 24 अंश सेल्सिअसला 1 घनमीटर हवेत जास्तीत जास्त 21.8 ग्रॅम बाष्प राहू शकते. त्यामुळे तुमच्या खोलीतली सगळी हवा काठोकाठ भरली तरी तिच्यात पाऊण लिटरच्या आतच पाणी मावते. तुम्ही तिथे रोज जवळजवळ 3 लिटर सोडत आहात, आणि वर रात्री झोपणाऱ्या प्रत्येक माणसाच्या श्वासातून व घामातून पाव ते दीड पाव लिटर येते ते वेगळेच. हवेला जे पेलत नाही ते ती घरातल्या सर्वांत गार जागेवर ठेवून देते. पश्चिमेच्या भिंतीतले कपाट ही ती जागा: बाहेरून पावसाने भिजलेली भिंत, आत दार लावलेले, हवा हलत नाही. खोलीत हवा 24 अंश आणि सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेला वाटा, 75 टक्के असेल आणि कपाटामागची भिंत 20 अंशांवर असेल, तर भिंतीला चिकटून असलेल्या हवेची आर्द्रता 95 टक्क्यांच्या आसपास जाते. खोलीतल्या आर्द्रतामापकावर 75 वाचून आपण निश्चिंत राहतो आणि साडीच्या कडेला मात्र वेगळेच हवामान असते.

खिडक्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण "हवा खेळती ठेवा" हा सल्ला आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धवट आहे. बाहेर 22 अंश आणि 95 टक्के अशी झड लागलेली असते तेव्हा ती हवा आत येऊन 26 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता 75 टक्क्यांच्या जवळ येते. म्हणजे बाहेर कितीही ओले दिसत असले, तरी घर आतून तीन-चार अंश उबदार असेल तोवर खिडकी उघडण्याने फायदाच होतो, विशेषतः स्वयंपाक, आंघोळ किंवा कपडे वाळवणे चालू असताना. याउलट, आठवडाभराच्या पावसानंतर उघडीप पडते, ऊन येते, आपण आनंदाने सगळी दारे-खिडक्या उघडतो, आणि दुपारी फरशीला घाम फुटतो. बाहेरची हवा तेव्हा 27 अंश आणि 85 टक्के असेल, तर तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, 24 अंशांच्या थोडा वर असतो. आपली फरशी आणि भिंती मात्र अजून 22 वरच असतात. गार तांब्यावर जसे पाणी जमते तसेच ते जमिनीवर जमते. त्या दिवशी अंगणात कपडे वाळवावेत, पण घर दुपारपुरते मिटून ठेवावे. सूत्र सांगायचे तर टक्के पाहू नका, तापमान पाहा: बाहेर आतल्यापेक्षा गार असेल तर उघडा, गरम असेल तर थांबा.

मिठाचेही सांगून टाकतो, कारण त्यात एक गंमत आहे. शुद्ध मीठ हवेतले पाणी ओढू लागते ते आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेल्यावरच. त्यामुळे वाटीतल्या मिठाला पाणी सुटणे हा उपाय नसून सूचना आहे. कपाट 75 च्या खाली आणण्याची ताकद त्या वाटीत नाही. बुरशीला मात्र 75 ची वाट पाहावी लागत नाही, म्हणून घर 60 च्या खाली ठेवावे असे म्हणतात. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते त्याहूनही लवकर पाझरते. याच गुणाचा दुसरा उपयोग असा की आर्द्रतामापक विकत घेतला तर तो खरा आहे की नाही हे घरी तपासता येते: टोपणात मीठ घेऊन त्यात चार थेंब पाणी घाला, चिखलासारखे झाले पाहिजे, विरघळता कामा नये. ते आणि मापक एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी 75 दाखवायला हवे. माझ्याकडचा 81 दाखवत होता. मी त्याच्यावर कागद चिकटवून "6 वजा करणे" असे लिहून ठेवले आहे.

खासबागचा माग | 15 जुलै

मास्तरांचे वाचून हसू आले, कारण आमच्या घरात याच्या नेमके उलटे दुखणे आहे. पुढच्या खोलीत यंत्रमाग आहेत. सुती धागा ओलसर हवेत बळकट राहतो आणि कोरड्या हवेत तुटतो, त्यामुळे फाल्गुन-चैत्रात आम्ही मुद्दाम जमिनीवर पाणी मारतो, ओली गोणपाटे पसरतो. आजोबांचा माग खड्ड्यातला होता, तेव्हा जमिनीची ओल धाग्याला आपोआप मिळत असे. तोच ओलावा मधल्या दारातून राहत्या घरात येतो आणि तांदळाला जाळी लागते. आम्ही मधल्या दाराला खालून रबराची पट्टी मारली आणि ते आपोआप मिटेल अशी स्प्रिंग बसवली. एवढ्यानेच निम्मा त्रास गेला. ताई, तुमच्या न्हाणीघराच्या दारालाही हेच करता येईल. वाफ निघून जाण्याचा मार्ग झरोका असावा, शेजारची खोली नव्हे.

कॅम्पातला भाडेकरू | 15 जुलै

यंत्र घेतलेला माणूस म्हणून माझा अनुभव नोंदवतो. माझे घर भाड्याचे असल्याने भिंतीला हात लावता येत नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी कॉम्प्रेसरचा डीह्युमिडिफायर घेतला. तो उपयोगाचा आहे, परंतु तीन गोष्टी दुकानात कुणी सांगत नाही. खोक्यावर दिवसाला जितके लिटर छापलेले असतात तो आकडा बहुधा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेचा असतो. आपल्याकडे जुलैच्या रात्री 21-22 अंशांत त्याहून बरेच कमी पाणी निघते. दुसरे म्हणजे तो खोली गरम करतो, कारण वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता आणि वीज दोन्ही आतच राहतात. तिसरे, दारे-खिडक्या लावल्याखेरीज तो चालवणे म्हणजे सगळ्या बेळगावची हवा कोरडी करायला निघणे होय. माझा 250 वॅटचा आहे, 8 तास चालवला की 2 युनिट जातात. कपडे वाळवण्याच्या बंद खोलीत, दोरीखाली पंखा आणि शेजारी यंत्र, हा त्याचा सर्वांत चांगला उपयोग मला आढळला. भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्यावर मात्र तो लावू नये. मी पहिल्या वर्षी तेच केले. रोज टाकी ओतत होतो आणि जमिनीतून रोज नवे पाणी वर येत होते.

कपाटासाठी कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात. बंद आणि लहान जागेत ते काम करतात, परंतु तळाशी जमणारे द्रव कपड्यांवर सांडू देऊ नका. डाग जात नाही आणि जरीला तर ते फारच वाईट.

निपाणीकर | 16 जुलै

आमचा पूर्वापार तंबाखूचा व्यवहार. वखारीतली पोती कधीही भिंतीला टेकवत नाहीत आणि जमिनीवरही ठेवत नाहीत. खाली लाकडी फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर. घरातल्या कपाटाला हातभर नको, चार बोटे पुरतात. भिंतीतल्या कपाटात मागे लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकून घ्या आणि दारांना वर-खाली भोके पाडा. कापूर आणि डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी असतात, पाण्याशी त्यांचे काही देणेघेणे नाही.

जोते-पाया | 16 जुलै

आता निदान पुरेसे झाले. ताई, तुमच्याकडे दोन ओली आहेत आणि त्या एकमेकींना साथ देत आहेत. खालची ओल जमिनीची. वरची, साडीवरची, घरातल्या वाफेची. ओल्या विटेतून उष्णता लवकर बाहेर जाते, म्हणून खालून भिजलेली भिंत अधिक गार राहते आणि वरच्या वाफेला थारा देते. यजमान आणि दीर, दोघेही अर्धे बरोबर आहेत. क्रम मात्र दोघांच्याही प्रस्तावाहून वेगळा आहे.

सर्वांत आधी बोळ. भिंतीलगतचे पेव्हर एक ते दीड फूट रुंदीचे काढा, भर उपसून जोत्याच्या खाली 6 इंच मोकळे करा, त्या पट्टीत खडी भरा आणि उरलेल्या पेव्हरचा उतार भिंतीपासून दूर करा. गच्चीची पन्हळ नळीने थेट गटारापर्यंत न्या. दोन मजूर, दोन दिवस; हे काम पावसाची उघडीप साधून आत्ताही होते.

नंतर आतला रंग. ओलरोधक रंग आतून लावणे ही आपल्या गावातली सर्वांत महाग चूक आहे असे माझे मत आहे. पाणी बाहेरून आणि खालून येत असताना आतून तोंड बंद केले की ते बाहेर पडायला जागा शोधत आणखी वर चढते, क्षार रंगाच्या मागे साचतात आणि रंगाला ढकलून देतात. फुगलेला भाग खरवडून काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा, तो पाण्याने धुऊ नका, नाहीतर विरघळून पुन्हा आत जाईल. मग भिंत तशीच उघडी ठेवा. हे ऐकायला जड जाते हे मी जाणतो, कारण दोन महिन्यांवर गणपती असतात आणि बेळगावात गणपतीच्या आधी रंग ही जणू प्रतिज्ञा असते. वर्षातल्या सर्वांत ओल्या भिंतीला वर्षातला सर्वांत जाड रंग आपण नेमका तेव्हा फासतो आणि शिमग्याला पापुद्रे झाडतो. भिंत वाळायला इंचाला महिना असा आमचा ठोकताळा आहे. दोन्ही अंगांनी वाळली तरी 9 इंची भिंतीला चार-पाच महिने द्यावेतच. फेब्रुवारी-मार्चमध्ये खालच्या तीन फुटांना चुन्याचा गिलावा करा आणि वर चुन्याचाच किंवा वाफ सोडणारा रंग द्या. बाहेरून भिंतीच्या वरच्या भागाला पाणी आत न घेणारे पण वाफ अडवत नाही असे सिलेन-सिलॉक्सेन वर्गातले द्रव मारता येते, तेही कोरड्या दिवसांतच. त्याहून स्वस्त आणि जुना उपाय म्हणजे पश्चिमेच्या भिंतीवर चार बोटे अंतर सोडून पत्र्याचा आडोसा. काकांच्या तट्ट्यांचे तत्त्व तेच होते.

यंत्राचा विचार यानंतर करा.

बाळाची आई | 17 जुलै

माझ्या मुलाला दमा आहे म्हणून बुरशी साफ करण्याविषयी लिहिते. कोरड्या फडक्याने झटकू नका, बीजाणू घरभर पसरतात. नाकाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसायचे आणि लगेच कोरडे करायचे. लाकडाला मी 70 टक्क्यांचे अल्कोहोल वापरते, जवळ ज्योत नसताना. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे ॲसिड एकत्र कधीही करू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. साडीविषयी मात्र मला सांगता येणार नाही.

खासबागचा माग | 17 जुलै

साडी आधी सावलीत पूर्ण वाळू द्या, मग घराबाहेर मऊ ब्रशने ठिपके झटका. रेशमी काठ असेल तर ब्लीच अजिबात नको, रेशीम खाल्ले जाते. डाग राहिला तर रेशमाचे काम जाणणाऱ्या धुलाईवाल्याकडे द्या. पुढे सुती कापडात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आणि घडी दर पावसाळ्यात बदला.

अनगोळची सून | 21 ऑगस्ट

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. जुलैच्या शेवटी तीन दिवस पाऊस थांबला त्यात बोळाचे काम उरकले. भर उपसताना जोत्याच्या विटा इतक्या भिजलेल्या होत्या की गवंड्याने थापी टोचली तर कडेचा तुकडा बिस्किटासारखा निघाला. आता खडीची पट्टी आहे आणि पन्हळीचे पाणी नळीने गटारात जाते. गीझर मागच्या पडवीत हलवला. न्हाणीघराच्या दाराला स्प्रिंग लावली आणि झरोक्यात लहान पंखा बसवला. आंघोळीनंतर तो वीस मिनिटे चालतो.

कपड्यांवरून घरात बरीच चर्चा झाली. शेवटी मागच्या पडवीला एका बाजूने पारदर्शक पत्रा लावून झड अडवली आणि दोऱ्या तिकडे नेल्या. तिथे दोन दिवस लागतात, पण ते 3 लिटर घरात येत नाहीत. आर्द्रतामापक दोन घेतले आणि मिठाच्या डब्यात तपासले. एक बरोबर निघाला, दुसरा 4 ने कमी दाखवतो. जुलैच्या मध्यावर खोलीत 84 आणि कपाटात 93 होते. काल सकाळी, बाहेर रिपरिप चालू असताना, खोलीत 71 आणि कपाटात 74 होते. मास्तरांचे 60 अजून दूर आहे. यंत्र घेतलेले नाही. कपाटात दोन कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवले आहेत, खालच्या फळीवर, साड्यांपासून लांब.

उघडीपीच्या दिवशी घर मिटून ठेवण्याची गोष्ट मात्र शेजारच्या काकूंना अजून पटलेली नाही. गेल्या मंगळवारी दुपारी त्यांच्या पायऱ्यांना घाम आला होता आणि आमच्या कोरड्या होत्या, हे त्यांनी पाहिले, पण बोलल्या नाहीत.

साडीचा डाग बराचसा गेला, फिकट रेघ राहिली आहे. भिंत खालून दोन फूट उघड्या विटांची आहे. गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांना त्याचे कारण सांगण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. काका, विटांवर पुन्हा थोडा लोणा फुटला आहे, पुन्हा झाडू का?

जोते-पाया | 21 ऑगस्ट

झाडा, आणि भुकटी सुपलीत भरून बाहेर टाका, जमिनीवर पडू देऊ नका. पाणी सुकत आहे म्हणूनच तो बाहेर येत आहे. जानेवारीपर्यंत दर पंधरा दिवसांनी हेच करा. मकरसंक्रांतीनंतर तळाला पुन्हा 48 तास प्लास्टिक लावून पाहा. मागे थेंब नसतील तर गवंड्याला बोलवा.